नवशिक्या वहिनीचं लायसन

माझ्या वहिनीला गाडी येत नाही, असं लायसनच्या कार्यालयातला खिडकीमागचा माणूस म्हणाला तेव्हा मी जवळजवळ खिडकीतून आत शिरणार होते. वहिनीने माझा कोपर धरला म्हणून वाचला तो.

एकोणीस वर्षं तिने तिकडे, आमच्या गावी, शाळेची व्हॅन चालवली. व्हॅन मुळात आमच्या अप्पांची. त्यांचा पाय मोडला तेव्हा दादा परगावी कामाला होता, आणि चौदा पोरं सकाळी सात वाजता दप्तरं घेऊन आपापल्या कोपऱ्यावर उभी. वहिनीच्या लग्नाला तेव्हा पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. तिने किल्ली उचलली आणि म्हणाली, "अप्पा, तुम्ही फक्त आठ दिवस पडून राहा." त्या आठ दिवसांची एकोणीस वर्षं झाली, व्हॅन भंगारात जाईपर्यंत. तेवढ्या काळात गाडीला एक ओरखडा नाही. मी तेव्हा पंधरा वर्षांची, पुढच्या सीटवर तिच्या शेजारी बसायचे आणि सगळ्या पोरांवर दादागिरी करायचे. माझ्या नाकावर राग तेव्हापासूनच. वहिनी मला तेव्हापासून ठिणगी म्हणते, आणि चिडवायचं असलं की 'वन्सं'.

पुढे मी ह्या देशात आले, चष्म्याच्या दुकानात चिकटले. मग दादा आला, लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. दीड वर्षापूर्वी वहिनी आली, आणि आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांनी संसार थाटला. तेव्हापासून बाईचं तोंड हसरं असलं तरी आत काहीतरी सलतंय, हे मला कळत होतं. दुकानात जायचं, डॉक्टरकडे जायचं, साधा पडद्याचा कपडा आणायचा, तरी जिन्यातून खाली येऊन विचारायची, "ठिणगे, तुला वेळ आहे का गं?" गल्लीभर पोरांना पोचवणारी बाई, आणि तिला मी पोचवायचं! मी! मी फाटकाचा खांब दोनदा पाडलाय.

एक दिवस आमच्या दुकानात शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका चष्म्याची काडी बसवायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, व्हॅनचे ड्रायव्हर निवृत्त होतायत, लहान मुलांना सांभाळणारं माणूस मिळत नाही. मी काडी तशीच हातात धरून वहिनीचं पुराण सुरू केलं. दुसऱ्या दिवशी वहिनीला नेऊन उभी केली. बाईंना ती एकदम पसंत. "लायसन घेऊन या," त्या म्हणाल्या. "तीन महिने थांबते. त्यापुढे मात्र मला दुसरं कोणी बघावं लागेल."

त्या दिवशी घरी येताना वहिनी जिन्यात थांबून म्हणाली, "ठिणगे, ही नोकरी मला हवी आहे. फार हवी आहे." वहिनीने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

आणि मग ती खिडकी. तिकडचं लायसन वहिनीने दोनच वर्षांपूर्वी नवं करून घेतलेलं. कार्डावर तारीख तेवढीच. खिडकीमागचा माणूस म्हणाला, "अनुभव दोन वर्षं. नियमाप्रमाणे तुम्ही नवशिक्या. लेखी परीक्षा, मग रस्त्यावरची परीक्षा. तीन वेळा नापास झालात तर सगळं पहिल्यापासून."

"पण एकोणीस वर्षं चालवलीय हिने!"

"कागदावर दोन आहेत."

"मग उरलेली सतरा वर्षं कोण चालवत होतं, माझा काका?"

वहिनीने कोपर धरला तो तेव्हा.

नवशिक्याची गाडी म्हणून मागच्या काचेवर पाटी लावायची, आणि शेजारी पाच वर्षं लायसन असलेलं जाणतं माणूस बसवायचं. दादाला दिवसभर सवड नाही, म्हणून जाणतं माणूस मी. वहिनी मागच्या आरशात बघून गाडी लोण्यासारखी दोन गाड्यांमध्ये उभी करायची, आणि मी शेजारी बसून गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "हं, ठीक आहे, सुधारणा आहे." ती हसून हसून स्टीअरिंगवर डोकं टेकायची.

लेखी परीक्षेत तिला पैकीच्या पैकी मिळाले. रस्त्यावरच्या पहिल्या परीक्षेला परीक्षक आले ते पांढऱ्या शर्टाचे, बाहीची घडी अशी की भाजी चिरता येईल. वहिनीने त्यांचं नाव ठेवलं कडक इस्त्री. अर्ध्या तासाने ती परत आली आणि कागद माझ्या हातात दिला. नापास. सहा वेळा आरशात बघितलं नाही म्हणे.

"बघितलं गं मी! प्रत्येक वेळी बघितलं!"

"मग?"

"डोळ्यांनी बघितलं. त्यांना मान वळवून हवंय."

मी कपाळाला हात लावला. एकोणीस वर्षं जिच्या नजरेने मागच्या बाकावरची मारामारी थांबायची, तिने आता मान हलवून दाखवायची! पण वहिनी चिडली नाही, कामाला लागली. पुढचे तीन आठवडे ती घरातसुद्धा मान वळवून बघत होती. भांडं उचलायच्या आधी डावीकडे, उजवीकडे, खांद्यावरून मागे. दादा जेवता जेवता म्हणाला, "अगं, मी इथेच आहे, ओव्हरटेक करून कुठे जात नाही."

दुसरी परीक्षा. पुन्हा कडक इस्त्री. नियमाप्रमाणे मागच्या सीटवर घरचं एक माणूस बसू शकतं, पण अवाक्षर काढायचं नाही. मी बसले. सगळं झकास चाललं होतं. मान तर अशी फिरत होती की मलाच चक्कर आली. आता फक्त परत कार्यालयात जायचं राहिलं होतं, आणि एवढ्यात दोन उभ्या गाड्यांमधून मांजर पळालं.

वहिनीने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. आणि त्याच क्षणी वहिनीचा उजवा हात सुटला तो थेट कडक इस्त्रीच्या छातीवर. फाईल, पेन, टाय, सगळं त्या हाताखाली सीटला दाबून धरलेलं. तिकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे एवढी वर्षं हे काम डाव्या हाताचं. इथे बसायची बाजू बदलली, रस्त्याची बाजू बदलली, आणि उजव्या हाताने कुणाला न विचारता चार्ज घेतला. मांजर पलीकडे जाऊन अंग चाटायला लागलं तरी हात तिथेच.

"बाई," कडक इस्त्री खालच्या आवाजात म्हणाले, "हात."

मी मागे तोंडात ओढणी कोंबून बसले होते. नापास. कारण: आणीबाणीच्या क्षणी स्टीअरिंगवरचा हात सोडला.

बाहेर आल्यावर माझं हसू थांबेना, आणि वहिनीचं रडू. तेव्हा मला माझी लाज वाटली. तीन महिन्यांतले फक्त सोळा दिवस उरले होते. परीक्षेची तारीख मागितली तर दोन महिन्यांनंतरची. मी गिऱ्हाइकांच्या चष्म्याचे नंबर तपासता तपासता दर दहा मिनिटांनी मोबाईलवर त्या कार्यालयाचं पान उघडत होते. मालकांनी दोनदा डोळे वटारले, मी तीनदा वटारले. नवव्या दिवशी कुणीतरी आपली वेळ रद्द केली आणि मी ती झडप घालून धरली. पाच दिवसांनंतरची, सकाळी दहाची.

आता प्रश्न फक्त हाताचा. रविवारी सकाळी एका बंद फर्निचरच्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत आम्ही तिघं गेलो. दादा कडेला उभा राहून गाडीसमोर उशी फेकायचा, वहिनी ब्रेक मारायची, आणि धप्प! हात माझ्या छातीवर. दहा वेळा, वीस वेळा. माझ्या बरगड्या बोलायला लागल्या.

"वहिनी! मी चाळिशी ओलांडली आता! मला काय होतंय? ठेव ना तो हात जागेवर!"

"मी कुठे काढते? तो जातो."

"पण का जातो?"

तिने गाडी बंद केली. "तुझा दात," ती म्हणाली.

माझा पुढचा दात बसवलेला आहे. पंधराव्या वर्षी व्हॅनच्या डॅशबोर्डवर आपटून तुटला होता. मी ते केव्हाच विसरून गेले होते. दात बसवला, छान दिसतो, विषय संपला.

"माझा पहिलाच आठवडा होता गाडीवर," वहिनी म्हणाली. "बैल आडवा आला, मी ब्रेक मारला, आणि तू... तुझ्या फ्रॉकवर सगळं रक्त. सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत गं मला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून हा हात माझं ऐकत नाही."

सव्वीस वर्षं ह्या बाईने माझा दात उराशी धरला होता, आणि मी तिच्यासमोर खुशाल बत्तीशी दाखवून हसत होते. मी तिच्या गळ्यात पडले. बाहेर दादा उशी घेऊन उभा. "फेकू का?" म्हणून विचारत होता.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या व्हॅनला पट्टेच नव्हते. इथे पट्टा ती लावायची, पण नियम आहे म्हणून लावायची, त्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. मी माझा पट्टा घट्ट ओढून दाखवला. "हे बघ वहिनी, हात इथे आहे. तुझ्यापेक्षा दणकट. तू दोन्ही हातांनी स्टीअरिंग धर आणि बघ मी कुठे जाते का."

दादाने उशी टाकली. तिने ब्रेक मारला, दात-ओठ खाऊन दोन्ही हात रोवून धरले. मी पुढे झुकले, आणि पट्ट्याने मला खस्सकन मागे ओढलं. वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. "पुन्हा," ती म्हणाली. आम्ही पुन्हा केलं. बाराव्या वेळेपर्यंत तिचे खांदे खाली आले होते, आणि माझ्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला होता.

परीक्षेच्या दिवशी आम्ही गाडीपाशी उभ्या, आणि समोरून कोण यावं? तेच. कडक इस्त्रीने वहिनीला ओळखलं, टाय सारखा केला, आणि फाईल छातीपासून जरा दूर धरून गाडीत बसले. वहिनीने गाडी सुरू करण्याआधी वाकून त्यांचा पट्टा धरला आणि दोनदा ओढून बघितला. मग मागे वळून माझा. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी मनात म्हटलं, झालं, सुरुवातीलाच गचकलो.

वीस मिनिटं मान, आरसा, वळण, चढ, उतार. आणि एका वळणावर, सरळ समोर, एका उभ्या गाडीचं दार धाडकन उघडलं.

वहिनीने ब्रेक मारला. दोन्ही हात स्टीअरिंगवर, जागचे हलले नाहीत. पण तोंडातून, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा, खास व्हॅनमधला आवाज निघाला: "धरा रे पोरांनो!"

मी समोरची सीट गच्च धरली. कडक इस्त्रीने खिडकीवरचा दांडा धरला. त्यांना आमच्या भाषेतलं ओ का ठो कळत नाही, पण धरला. दारातून उतरलेल्या माणसाने हात जोडल्यासारखं करून माफी मागितली.

"काय म्हणालात तुम्ही?" कडक इस्त्रीने विचारलं.

"सांगितलं, की धरा."

"मी धरलं," ते म्हणाले, आणि दांडा सोडला.

कार्यालयापाशी गाडी उभी राहिल्यावर त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत बोट फिरवून तपासला. "ओरडण्याचा रकाना ह्यात नाही," ते म्हणाले. "बाकी काही चूक मला सापडली नाही. पास." आणि पहिल्यांदाच हसले. वहिनीने त्यांचा हात हातात घेऊन एवढा हलवला की इस्त्री पार बिघडली.

मी तर नाचलेच. शिक्का मारलेला कागद मिळाला, मागच्या काचेवरची पाटी मी स्वतः नखांनी खरवडून काढली, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. "चल, शाळेत! बाईंना दाखवू!"

वहिनी स्टीअरिंगशी बसली. माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, उतरा."

"काय?"

"आता शेजारी जाणतं माणूस लागत नाही. कागदावर लिहिलंय. नोकरीला कुणी नणंदेला घेऊन जातं का? उतर."

"अगं, गाडी माझी आहे!"

"संध्याकाळी देते."

मी उतरले! दुसरं काय करणार? ती गेली. मान डावीकडे, उजवीकडे, खांद्यावरून मागे, आणि गेली. मी दोन बसगाड्या बदलून, एकीत तर उभ्याने, घरी आले. रस्ताभर मनातल्या मनात भाषण तयार करत होते.

पाच वाजले तरी ती आली नाही. दादा येऊन बसला होता, खिडकीतून पुन्हा पुन्हा खाली डोकावत होता. साडेपाच वाजता माझा फोन वाजला. मी ओरडलेच, "वहिनी! आहेस कुठे? नोकरीचं काय झालं?"

"मिळाली गं! सोमवारपासून ये म्हणाल्या. बारा वाजताच मिळाली."

"मग एवढा वेळ करतेस काय?"

"गाडी चालवतेय. आत्ता कडेला थांबून फोन केला."

"पण कुठे?"

"माहीत नाही," वहिनी म्हणाली, आणि हसायला लागली. "समोर मोठ्ठं तळं आहे. कुणाला कुठे सोडायचंच नव्हतं ना, मग रस्ता आवडला की वळत गेले. अगं, एवढी वर्षं गाडी चालवली, पण नुसती माझ्यासाठी, एकटीने, अशी आजच चालवली बघ."

दादाने फोनला कान लावला. "हरवली की काय?" त्याने मला विचारलं.

"हरवले नाही हो," तिकडून आवाज आला. "गेले तशी येईन. तुम्ही जेवून घ्या."

बसमधून उभ्याने आले, पाय मोडले, गाडी माझी, सगळं सगळं ऐकवायला मी तोंड उघडलं होतं. पण ती अजून हसत होती, लहान पोरीसारखी, एकटीच.

"वहिनी," मी म्हटलं, "घाई करू नकोस. अजून पुढे जायचं असेल तर जाऊन ये."