जेवणाआधीची झोप

तिचं नाव मी विचारलं नाही. घोडेगावच्या तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत ती माझ्यापुढे होती. तिची मुलगी एका बाईंच्या घरगुती पाळणाघरात राहायची. दाखला दिला तरच सरकारी योजनेतून तिथलं जेवण पुढेही फुकट मिळणार होतं.

कारकुनाने रेशनकार्ड पाहिलं. त्यावर कंपनीत नोकरीला असलेल्या दिराचंही नाव होतं. त्याचा पगार धरला की उत्पन्न मर्यादेबाहेर जात होतं.

"चूल कवाच येगळी झाली, सायेब. कागद तेवढा एकत्र ऱ्हायला."

"मग दिराला घेऊन या."

"त्यो बोलत न्हाई आमच्याशी."

तिने कार्ड पदराने पुसून पिशवीत ठेवलं. बाहेर पायरीवर बसून पाळणाघरवाल्या बाईंना फोन लावला.

"ताई, उद्यापासनं हिला जेवणाच्या आधी झोपवत जा. बाकीची पोरं जेवताना ती जागी नको."