उद्यापनाच्या सवाष्णी

देव आहे असं मी मानते, पण देवाच्या भरवशावर निवांत बसणं मला कधी जमलं नाही. माझा जीव सदा टांगणीला. काही वर्षांपूर्वी ह्यांची मोटारसायकल घसरली, पायात रॉड बसला, आणि तेव्हापासून मी मार्गशीर्षातले गुरुवार धरले. धरले म्हणजे अगदी घट्ट धरले. कलशात एक पान कमी पडलं तरी मी पूजा पुन्हा पहिल्यापासून मांडायची. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, मला हसायच्या. "लक्ष्मी हाय ती, साळंतली बाई न्हाई, चुका काढाया," म्हणायच्या. पण मला वाटायचं, व्रतात कुठे कमी पडलं तर ते ह्यांच्या जिवावर येईल.

तीन वर्षांपूर्वी शेवटच्या गुरुवारी उद्यापन होतं. पाच सवाष्णींना हळदीकुंकू लावायचं, फळ द्यायचं, मग उपास सोडायचा. शेजारच्या वस्तीवर आमंत्रण देऊन ठेवलं होतं. दुपारपासून आभाळ भरून आलं. ऐन थंडीत पाऊस आमच्या पारगावकडे अलीकडे अधूनमधून येतो, पण त्या दिवशी वाऱ्याला धरबंधच नव्हता. उभा ऊस आडवा होत होता, पत्र्यावर गारा वाजत होत्या, आणि दिवेलागणीच्या आधीच लाईट गेली. ह्यांचं कळंबला पंपदुरुस्तीचं दुकान आहे. मी फोन करून जरा दरडावूनच सांगितलं, फळं आणि वेण्या घेऊन पूजेच्या आत या. "निघालोच," म्हणाले. त्यानंतर फोन लागेना.

आमचा मळा आणि रस्ता यांच्या मधे एक ओढा आहे. एरवी त्यातून गाडी सहज येते. त्या संध्याकाळी त्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. मी दारात जायची, परत चुलीशी यायची, पुरण ढवळायची, पुन्हा दारात जायची. लेकीनं विचारलं, "आई, पप्पा कुठंयत?" तर तिच्यावरच खेकसले. बोलावलेल्यांपैकी एकही बाई येणार नाही हे दिसतच होतं. हे आले नाहीत, सवाष्णी आल्या नाहीत. दोन्ही गोष्टींची माझ्या डोक्यात गाठच बसली. कलशासमोर हात जोडले, पण तोंडातून प्रार्थना निघेना. नुसतं "आणून सोड, आणून सोड" एवढंच येत होतं.

तेवढ्यात दार वाजलं. मी धावले. दारात हे नव्हते. ओढ्याच्या अलीकडच्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवायला धनगरांचा वाडा, म्हणजे पालांचा तळ, उतरला होता, त्यातल्या बायका होत्या. नखशिखान्त भिजलेल्या, कोणाच्या काखेत पोर, कोणाच्या पदरात कोकरू, आणि पुढे एक म्हातारी. "बाई, पालं उडाली आमची," ती म्हणाली. "गोठ्यात बसू का जरा?" मी गोंधळून उभीच राहिले. आत्या मागून आल्या आणि म्हणाल्या, "गोठ्यात कशाला? चुलीपाशी या. सूनबाई, च्या टाक."

घर ओल्या लोकरीच्या वासानं भरून गेलं. माझी लेक कोकरांना पोत्यानं पुसू लागली. मी चहा गाळता गाळता म्हणून गेले की आमचे मालक ओढ्यापलीकडे अडकलेत. म्हातारी शांतपणे म्हणाली, "आमची बी मानसं तिकडंच हायेत. मेंढरं बुजून पल्याड पळाली, त्यांच्या मागं गेली. मग पानी वाढलं." त्यांच्यातली एक तरुण पोर भिंतीकडे तोंड करून रडत होती. इतका वेळ मी माझीच काळजी घेऊन घरभर फिरत होते, आणि या बायका तीच काळजी घेऊन पावसातून चालत आल्या होत्या.

आत्या म्हणाल्या, "सवाष्णी घरी आल्यात, बघतीस काय? कुंकू लाव." मी करंडा घेतला. चौघींना लावलं. पाचवी म्हातारी. तिनं हात आडवा धरला. "मला नगं गं. माजा मालक जाऊन लई वर्सं झाली." माझा हात तिथंच थांबला. खरं सांगते, मी घाबरले. स्वतःचा नवरा त्या पाण्यापलीकडे, आणि उद्यापनात मी विधवेला कुंकू लावायचं? आत्यांकडे पाहिलं. त्याही विधवा. दर वर्षी हळदीकुंकवाच्या वेळी त्या आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसत, आणि मी कधी त्यांना इथं बसा म्हटलं नव्हतं. मनात देवीला म्हटलं, आई, आता माझ्या हातात काही नाही, तुझं तू बघ. आणि म्हातारीच्या कपाळाला कुंकू लावलं. मग वळून आत्यांनाही लावलं. त्यांनी मान मागे घेतली नाही, डोळे तेवढे मिटले. सगळ्यांना गरम पुरणपोळी वाढली. फळं नव्हतीच. मी मात्र काही खाल्लं नाही. हे आल्याशिवाय उपास सोडायचा नव्हता.

आधी मेंढ्यांचा आवाज आला. मग पुरुषांच्या हाका. वरच्या बाजूच्या पुलावरून कळप वळवून धनगर आले होते, आणि त्यांच्यात, खांद्यावर एक कोकरू टाकून, चिखलानं माखलेले आमचे हे. त्या तरुण पोरीनं आणि मी एकदमच हुंदका दिला.

हे चुलीशी बसून सांगू लागले. "तुझा फोन आलेला, म्हनून घाईत गाडी घातलीच पान्यात. ह्या भाऊनं मागून कॅरिअर धरलं. मी लई शिव्या दिल्या त्याला. पन ह्यो गडी सोडंचना! गाडी सोडून मागं आलो न् गाडी गेली की व्हाऊन डोळ्यासमूर." ज्याच्याकडे बोट होतं तो लाजून डोकं पुसत होता. म्हातारी म्हणाली, "माजा थोरला हाय त्यो. ल्हानपनापासून हट्टीच."

यात कोणी काय पाहावं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला तर्क लढवता येत नाही. ते बोलत असताना ह्यांचं लक्ष आत्यांच्या कपाळाकडे गेलं. बोलता बोलता थांबले. उठले आणि चिखलाच्या हातांनीच आईच्या पायांवर डोकं ठेवलं. आत्या एवढंच म्हणाल्या, "आरं, लुगडं भरंल माजं." मग त्याही रडल्या.

गुरुवार मी अजून धरते, पण घट्ट नाही. काळजी गेली असं म्हणणार नाही, माझा स्वभावच तो. फक्त ती आता मी देवीपाशी ठेवते आणि पुढच्या कामाला लागते. दर उद्यापनाला हळदीकुंकवाच्या पाटावर पहिल्या आत्या बसतात. मागच्या वर्षी वस्तीवरच्या दोघी त्यामुळे आल्या नाहीत. मी नंतर त्यांच्या घरी जाऊन प्रसाद दिला.