जाळी दिसेनाशी होते तेव्हा

नवा कॅमेरा घेऊन जखमी पक्ष्यांच्या केंद्रात गेलो होतो. उडता पक्षी मला टिपता येत नाही. इथली घार तरी उडून जाणार नाही, हा माझा शहाणपणा. पतंगाच्या मांज्यात अडकून तिचा एक पंख गेलेला.

प्रत्येक फोटोत पिंजऱ्याची जाळीच ठळक येई आणि मागे घारीचा नुसता तपकिरी डाग. मी वैतागलो. तिला खायला घालणारे म्हादूकाका म्हणाले, "साहेब, लेन्स जाळीला टेकवा अन् पलीकडं लांब बघा. जाळी गायब होते."

खरंच झाली. फोटोत घार अगदी मोकळी दिसत होती, मागे हिरवं रान. मी खुशीत तो काकांना दाखवला.

"आणली तेव्हा हीसुद्धा अशीच जाळीला चिकटून लांब बघायची," ते म्हणाले. "दिवसभर. कपाळ सोलून निघालं, तरी हटायची नाही."

"आणि आता?"

"आता नाही जात तिथं."

म्हणजे ही युक्ती तिला माझ्याआधीच सापडली होती, आणि तिनं ती सोडूनही दिली होती.

घार पिंजऱ्याच्या बरोबर मधोमध बसली होती. तिथून चारी बाजूंची जाळी स्वच्छ दिसते.