तिन्ही पडदे एकदम

नात ग्राफिक्स कार्ड निवडत होती आणि मी दुकानातल्या स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होते. ती घरांचे नकाशे काढते. तिला टेबलावर तीन मॉनिटर हवेत.

"याला चार पोर्ट आहेत, ताई," दुकानदार म्हणाला.

"पोर्ट चार, पण मॉनिटर एकदम चालतात किती?"

त्याने खोकं उलटून बारीक अक्षरं वाचली आणि ओशाळून म्हणाला, "दोनच."

"दोन पुरतील का गं आजी?"

"मुळीच नाही. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन तिन्ही एकदम डोळ्यांसमोर पाहिजेत. नाहीतर जिना थेट खिडकीवर जाऊन आदळतो."

हे मला ठाऊक, कारण मीही नकाशेच काढायचे, शाईने, टी-स्क्वेअर लावून. वरून, मधून कापून आणि समोरून दिसणारं घर असे तीन कागद भिंतीला टाचायचे आणि त्यांच्यापुढे पहारेकऱ्यासारखी येरझाऱ्या घालायचे. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी शिकायला आधी मलाच विचारलं. आम्ही महाराणी! नाक उडवून नाही म्हटलं. जे शिकले ते मोठमोठ्या इमारती रेखाटत गेले, आणि मी त्यांच्या नकाशांवर नंबर घालता घालता निवृत्त झाले. रेघ काय देखणी होती माझी! अक्कल तेवढी आखूड.

दुसरं कार्ड पसंत करून नात म्हणाली, "आजी, शिकवू तुला यावर काढायला?"

"आता या वयात?" तोंडातून निघून गेलं.

साहेबांनाही मी अगदी हेच म्हटलं होतं. तेव्हा माझी चाळिशीही उलटली नव्हती.