कोरड्या तलावातले फेरे

पुण्याहून निघाले तेव्हा मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्रेसर होता आणि मनात धास्ती. कॉम्प्रेसर जायचा होता नांदूरघाटजवळच्या एका महिला दूध संस्थेत. माझी आतेबहीण शोभाआक्का तिथली अध्यक्ष. दूध गार ठेवणारं यंत्र बंद पडल्यामुळे दोनदा दूध नासून परत आलेलं. आज संध्याकाळीही तसंच झालं तर उद्यापासून डेअरीचा टँकर येणार नाही, असं वरून बजावलेलं. यंदा पावसाने दगा दिला होता, रानात हिरवी काडी नव्हती. घरात पैसा यायचा तो या दुधाचाच.

"विजू, पाचच्या आत ये बाई," आक्का फोनवर म्हणाली. एरवी ही बाई कुणाला विनवत नाही.

धास्ती होती ती गाडीची. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून मी पन्नाशीनंतर ही जुनी टर्बोवाली घेतली. चारही चाकांना ताकद, वेग म्हणाल तर विचारू नका. घरचे म्हणाले, "भाजी आणायला विमान!" म्हणू देत. पण तिचा स्वभाव काही मला उमगत नव्हता. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की आधी ढिम्म, मग एकदम पाठीत धपाटा.

नगर मागे टाकून कड्याजवळ आले. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या, पण ऊस कारखान्याकडे नव्हे, चारा छावणीकडे चाललेला. एका वळणावर पाचट सांडलं होतं. गाडीचं तोंड बाहेर ओढायला लागलं, मी घाबरून पाय झटकन काढला आणि मागची बाजू गर्रकन फिरली. भानावर आले तेव्हा गाडी नांगरलेल्या रानात, तोंड पुन्हा नगरकडे!

मागच्या ट्रॉलीवरचे फेटेवाले काका धावत आले. "लागलं न्हाई ना, ताई? एवढी पळवायची कशापायी?"

"मी नाही हो पळवत, तीच पळते!"

"मंग लई वांड हाय," म्हणत त्यांनी गाडीला वळसा घालून चाकं बघितली. काही मोडलं नव्हतं. कॉम्प्रेसरही गोधडीने सांभाळला होता. पण असंच पुढे गेले तर पाचला काय, कधीच पोचणार नाही, हे मला कळून चुकलं.

आष्टीच्या पुढे रस्त्यालगत एक पाझर तलाव दिसला. थेंब नाही, नुसता सपाट तळ. घड्याळाकडे पाहिलं, उशीर होत होता, पण गाडी आत उतरवली. कडेला बाभळीखाली शेळ्या घेऊन एक बाई बसली होती. गाडीची खोड ओळखायला मी गोल फेरे मारायला लागले.

जोरात वळवलं की तोंड बाहेर. घाबरून पाय काढला की शेपूट बाहेर. ब्रेक दाबला तर सरळ घसरत जायची. चारही चाकं ओढतात म्हणून थांबायला काही जास्त मदत होत नाही, हेही तिथेच समजलं. मग वळणाआधीच वेग उतरवला आणि वळताना पाय हलकासा दाबूनच ठेवला. अगं बाई! चारही चाकांनी माती धरली आणि गाडी शहाण्यासारखी वळली. पुन्हा केलं. पुन्हा वळली.

"काय हरवलंय का वो?" बाईने ओरडून विचारलं.

"सापडलं!" मी म्हटलं. तिने तांब्यातलं पाणी पुढे केलं. असल्या दिवसांत परक्या माणसाला पाणी! मी दोनच घोट घेतले.

पाटोदा, मांजरसुंबा मागे पडलं. प्रत्येक वळण आता ओळखीचं वाटत होतं, आणि पाच वाजायला थोडा वेळ असताना संस्थेची पत्र्याची शेड दिसली. शेवटचं वळण, समोर भरलेल्या किटल्यांची रांग, मागे बाया. आणि रस्ता ओला! दुष्काळात ओला? चाकाखालची काळी माती लोण्यासारखी सुटली. गाडी तिरपी होऊन थेट किटल्यांकडे निघाली. पाय ब्रेककडे झेपावला होता, तो मी मागे घेतला. हलका दाब, चाकं जिथे जायचं तिकडे. क्षणभर काहीच झालं नाही. मग पुढच्या चाकांनी ओढ घेतली आणि गाडी किटल्यांना वळसा घालून शेडच्या दारात उभी राहिली.

मी उतरून आक्कावर खेकसलेच, "पाणी कुणी मारलं रस्त्यावर?"

"आमीच. किटल्या धुतलेलं होतं," आक्का कावरीबावरी झाली. "दुधात धूळ जाऊ नये म्हणून मारतो रोजच. आज तू येणार म्हणून जरा जास्त मारलं."

मला हसू फुटलं, तीही हसली. मेस्त्रीने कॉम्प्रेसर बसवला. यंत्र घरघरलं, तापमानाचा काटा खाली उतरायला लागला, आणि बायांनी एकेक किटली आत ओतली. रात्री आक्काने भाकरी, ठेचा आणि वाटीभर सायीचं दूध पुढे ठेवलं. एवढ्या निवांतपणे मी कित्येक महिन्यांत जेवले नव्हते.

सकाळी टँकर यायच्या आधीच परत निघाले. गाडी हाकत होते, पण मन टँकरपाशी. पुण्यात शिरता शिरता फोन वाजला. गाडी कडेला घेतली.

"डेअरीनं दूध घेतलं," आक्का म्हणाली. फोनमधून बायांचा गलका ऐकू येत होता. "समदं घेतलं, विजू. टँकरवाला उद्या पण येतो म्हणला."

मी सीटवर मान टाकली आणि मनसोक्त रडले.