काचेतलं घोंगडं

वारसा जपायचा म्हणून मी काय केलं, तर एका म्हाताऱ्याच्या मेंढ्या विकायला लावल्या. साताऱ्यात बसून मी खेड्यातल्या घरांचे होमस्टे करून देते. शिक्षण भरपूर, अक्कल बेताची.

माण तालुक्यातलं ते घर एका निवृत्त सुभेदारांचं, पेन्शनीवर बांधलेलं, गुळगुळीत फरशीचं. ती फरशी मी उखडायला लावली आणि जमीन शेणानं सारवून घेतली. सुभेदारांची बायको म्हणाली, "आवं, सारवण सुटावं म्हणून तर फरशी घातली हुती!" मी त्यांना गावपण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मी. त्यांना.

सुभेदारांचे वडील जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले. आता नऊच उरली होती, ती अंगणात त्यांच्या बाजेला खेटून बसायची. एखादी खोकली तरी म्हातारा उठून बघायचा. मी नाकाला रुमाल लावून म्हटलं, "पाहुण्यांना वास येईल." सुभेदार पडले फौजेतले, हुकूम पाळायची सवय. त्याच आठवड्यात मेंढ्या बाजारात गेल्या. त्या दिवशी म्हातारा जेवला नाही. मला वाटलं, वय झालंय.

मग अंगण ओकंबोकं दिसायला लागलं. इथल्या मातीतलं काहीतरी हवंच की! म्हाताऱ्याच्या खांद्यावर काळं घोंगडं असायचं, घरच्या मेंढरांची लोकर कातरून विणून घेतलेलं. ते मी मागून घेतलं, काचेच्या चौकटीत बसवून अंगणातल्या भिंतीला टांगलं, वर पिवळा दिवा सोडला. "आन मला थंडीला काय?" म्हातारा एवढंच म्हणाला. मी लगेच ब्लँकेट आणून दिलं, गुलाबी फुलांचं. केवढी ही माणुसकी!

पहिले पाहुणे पुण्याहून आले. घोंगड्यासमोर सगळ्यांचे फोटो झाले. त्यांची लहान मुलगी मात्र थेट बाजेपाशी गेली. "आजोबा, तुमच्या मेंढ्या कुठायत? बाबा म्हणाले, इथं मेंढ्या असतात. मी त्या बघायलाच आलेय."

सुभेदार माझ्याकडं बघायला लागले, मी छपराकडं.

"त्या व्हय?" म्हातारा म्हणाला. "त्या न्हाईत आता, पोरी. त्यांची लोकर तेवढी हाय. ह्या बाईंनी भिंतीला लावलीया बघ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी भिंतीपाशी गेली, चवड्यांवर उभी राहिली आणि त्या लोकरीवरनं हात फिरवायला लागली. हाताला नुसती काच लागत होती.