राखून ठेवलेला मान

लग्नात न घेतलेला मान लग्नानंतर कित्येक वर्षांनी, तोही सोबत कुत्रा घेऊन, दारात उभं राहून मागणारा व्याही अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे आणि देवाच्या दयेनं तो माझ्या वाट्याला आला आहे. 'देवाच्या दयेनं' हे मी आज लिहितोय. तेव्हा मी निराळे शब्द वापरले होते आणि ते ऐकून आमच्या हिनं कानांवर हात ठेवले होते.

हे व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. जन्म मेंढपाळाच्या घरातला, हयात गेली वाळूजच्या कारखान्यात मशीनपुढं, पण चालणं अजून मेंढरांमागचंच. क्रांती चौकात रस्ता ओलांडायचा असला तरी हा माणूस सगळ्यांना पुढं घालतो, दोन्ही हात पसरून मागून 'हुर्र' करतो आणि ओळख ना पाळख अशी माणसंसुद्धा मुकाट पलीकडं जातात. औरंगपुऱ्यातल्या माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात ते पहिल्यांदा आले ते नेमके शाळा उघडायच्या दिवसांत. गर्दी ही एवढी! मी माल काढायला मिनिटभर आत गेलो, बाहेर येऊन बघतो तर सगळी गिऱ्हाइकं भिंतीला लागून ओळीत उभी आणि हे दारात काठी आडवी धरून. "एक बी हललं नाय बघा," मला म्हणाले. त्या दिवशी माझा धंदा बरा झाला, हे कबूल केलं पाहिजे.

त्यांचा कुत्रा गावठी, तांबडा, एक कान उभा आणि एक कायमचा पडलेला. नाव सुपरवायझर. "फुडं पळतो, मागं वळून बघतो, काम काडीचं करत नाय. मंग दुसरं काय नाव ठिवावं?" असा त्यांचा रोकडा सवाल. गोगाबाबाच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांत वाळूजहून निवृत्त झालेले बरेच. व्याह्यांनी "ए सुपरवायझर, गप खाली बस!" अशी आरोळी ठोकली की त्यांतला एखादा खरोखरच दचकतो. शिवाय स्वतःची सगळी मतं ते कुत्र्याच्या नावावर खपवतात. "सुपरवायझरला तुमचा चहा पसंत नाय पडला" हे त्यांनी माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून, बशी पुसून झाल्यावर मला ऐकवलेलं आहे.

आता मानाची गोष्ट. मुलीच्या लग्नात मी शेले, फेटे, कपडे, भांडी सगळं रचून तयार होतो. व्याह्यांची मर्जी म्हणजे काय चीज असते ते मुलीच्या बापाला विचारा. पण ह्या माणसानं भर मांडवात हात जोडले. "इवाई, मान ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच. राखून ठिवा. लागंल तवा मागून घीन." सगळा मांडव वाहवा करायला लागला. ही तर देवमाणूस, देवमाणूस म्हणून डोळे पुसत होती. मी दुकानदार माणूस. 'नंतर येतो' म्हणणारं गिऱ्हाईक नेमकं कधी उगवतं हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तेवढा गप्प राहिलो.

आणि तसंच झालं. मधे माझ्या छातीत कळ आली, बायपास झाली. डॉक्टर म्हणाले, आता चाला, फिरा, ठणठणीत आहात. पण मनातली भीती काही त्यांनी कापून काढली नव्हती. मी घरात जो बसलो तो बसलोच. दुकान मुलावर सोडलं. अंघोळीला गेलो तर कडी लावायचो नाही. आत काही झालं तर? जिना नको, पिशवी नको, हसणंसुद्धा बेतानं. नात यायची, हात वर करून "आबा, कडेवर" म्हणायची आणि मी तिला बिस्किट द्यायचो. एकदा मुलीनं ते पाहिलं आणि आत जाऊन रडली. मला कळत होतं सगळं, पण भीतीपुढं अक्कल चालत नाही हो.

अशात एका सकाळी दार वाजलं. व्याही! डोक्याला लग्नातला स्वतःचा फेटा, शेजारी सुपरवायझर. "मान न्यायला आलोय," म्हणाले. ही धावत कपाटातून शेला काढायला गेली.

"कपडा नगं ईनबाई. मला गोगाबाबाच्या टेकडीवर माथ्यापतोर इवाईंची सोबत पायजे. आन् नाय म्हनले, तर पोरीच्या सासऱ्याचा मान मोडला म्हनून जिंदगीभर रुसून बसंन."

मी घाईघाईनं हुकमाचं पान टाकलं. "आज नळाला पाणी यायचा दिवस आहे!" पाणी आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या आमच्या शहरात ह्या सबबीपुढं साक्षात यमसुद्धा 'बरं, उद्या येतो' म्हणून रेडा वळवील.

"पानी ईनबाई भरत्याल," व्याही म्हणाले. आणि जिच्याशी मी इतकी वर्षं संसार केला त्या बाईनं माझे बूट आणून माझ्यापुढं ठेवले.

पहिल्या दिवशी आमची मजल पायथ्याच्या कडुनिंबापर्यंत. पुढचे कित्येक दिवस त्याच्या थोडी वर. पुढं सुपरवायझर, मधे मी, मागं व्याही. मी म्हणायचो, तुम्ही व्हा पुढं. "मेंढक्या फुडं चालत नसतो इवाई. मागं कोन बसलं ते त्याला कसं कळंल?" मी मुरमाच्या वाटेवर मटकन बसलो की कुत्रा परत यायचा आणि माझ्या पावलावर बूड टेकायचा. व्याही उभे राहून आभाळ बघायचे. 'उठा', 'जमेल', 'हिंमत धरा' असला एक शब्द त्या माणसानं कधी काढला नाही. माझा श्वास जाग्यावर आला की मागून नुसतं हळूच यायचं, "हुर्र."

अखेर एक दिवस माथा आला. छोटं देऊळ, भन्नाट वारा, खाली मकबऱ्याचे घुमट, लांब देवगिरी. मी ओक्साबोक्शी रडलो. व्याही माझ्याकडं पाठ करून, काही कारण नसताना कुत्र्याला झापत होते. मग वळून दोन्ही हात जोडून म्हणाले, "इवाई, मान पोचला." त्या संध्याकाळी मी नातीला उचलून कडेवर घेतलं. ती जरा वजनदार झाली होती; मधले तेवढे दिवस माझ्यामुळं वाया गेले होते.

दुसऱ्या सकाळी पुन्हा दार वाजलं. "अहो, काल पोचला ना मान?"

"त्यो माजा. सुपरवायझरचा ऱ्हायलाय."

मग काय, मानकऱ्यांची रांगच लागली. कधी त्यांच्या थोरल्या भावाचा मान, कधी जावयाच्या आत्याचा, कधी हयात नसलेल्या कुणा चुलत आजोबांचा. त्यांच्या खानदानात इतकी माणसं आहेत हे सोयरीक करताना मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आहे. सुपरवायझरही थकला. दोघं पायथ्याच्या कडुनिंबाखाली दगडावर बसून राहतात आणि मी एकटा चढतो. परवा अर्ध्या वाटेवर सवयीनं मागं पाहिलं, मागं कोणी नव्हतं. ती जुनी भीती पुन्हा छातीशी आली. वाटलं, फिरावं माघारी. तेवढ्यात खालून, लांबून, फाटक्या आवाजात आलं, "हुर्र!"

माथ्यावर जाऊन मी फोन लावला. "पोचला मान."

"आज कुनाचा?"

"तुमचाच. पहिल्यापासून तुमचाच. तुम्ही नसतात तर मी त्या खुर्चीतच संपलो असतो."

 पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. "दमानं उतरा इवाई. मेंढरू चढताना नाय, उतरताना घसरतंय."

मी दमानं उतरलो. खाली आलो तर व्याही दगडावरून उठून, काठीला रेलून, दुखरा गुडघा धरून उभे होते, आणि त्यांच्या शेजारी सुपरवायझरसुद्धा.